एकच रायफल, मोठे जनावर, लांब पल्ला: काडतूस कसे निवडावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. खाणी बंद पडल्यावर नोकरीसाठी नामिबियात गेलात. तिथल्या एका शेतमालकाशी दोस्ती झाली, त्याच्या कुरणात कुडू आणि गेम्सबॉक ही हरणासारखी मोठी जनावरे आहेत, परवान्याचे कागद मार्गी लागलेत आणि आता एकच रायफल घ्यायची आहे. दुकानदार .३०० विनचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, जोरकस काडतूस) घ्या म्हणतो, खाणीवरचे सोबती ६.५ क्रीडमूरचे नाव घेतात, आणि तुम्ही स्वतः ७ एमएम पीआरसीबद्दल बरेच वाचले आहे. ही तिन्ही काडतुसांची नावे. शेवटी तुम्ही विचारता, ‘पाचशे-सहाशे मीटरवरून मोठे जनावर एका गोळीत पडेल असे सगळ्यांत कार्यक्षम काडतूस कोणते?’

आधी माझ्याबद्दल दोन वाक्ये, म्हणजे मी कुठून बोलतो ते कळेल. मी गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातला. आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकलो, काही वर्षे खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो, मग नामिबियात विंडहुकजवळ बंदुकांच्या एका कारखान्यात लेथवर लागलो. नळ्या बसवणे, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, कापणे, गिऱ्हाइकांसाठी काडतुसे भरून देणे हे काम मी एकोणीस वर्षे केले. त्यातली शेवटची काही वर्षे एका गुरांच्या फार्मवर पाहुण्यांना शिकारीला घेऊन जात असे. आता घरी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळतो. इकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असे मला मनापासून वाटते. आमच्या म्हादईच्या रानात आता जे काही उरले आहे ते मोजकेच आहे. नामिबियात कुरणांवर जनावरांची मोजदाद होते, किती काढायची ते ठरते आणि मांस माणसांच्या पोटात जाते. पुढचे सगळे तिथल्या कायद्याच्या चौकटीतले आहे असे धरूनच वाचा.

तुमच्या प्रश्नात ‘कार्यक्षम’ हा शब्द आहे आणि खरी गाठ तिथेच आहे. कशात कार्यक्षम? तीन ठिकाणी मोजता येते. नळीच्या आत: जाळलेल्या बंदुकीच्या दारूमागे किती ऊर्जा मिळाली. हवेत: नळीतून निघालेल्यातले किती जनावरापर्यंत पोचले. आणि तुमच्या खांद्यावर: त्या काडतुसाने तुम्ही वर्षभरात किती सराव करू शकता. दुकानदार पहिले सांगतो, इंटरनेट दुसरे सांगते, तिसरे कुणी सांगत नाही. जखमी जनावराच्या मागे अंधार पडेपर्यंत चालून मी ते तिसरे शिकलो.

नळीपासून सुरुवात करू. भट्टीवर निमुळत्या नरसाळ्यातून बाटलीत फेणी ओतताना पाहिली असेल. नरसाळ्याचे भोक तेवढेच ठेवून वरून दुप्पट ओतली म्हणून बाटली दुप्पट वेगाने भरत नाही. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे दारू भरलेले पितळी कवच, आणि नळी यांचे तसेच आहे. एकाच जाडीची, ७ मिलिमीटरची, १६२ ग्रेनची गोळी घ्या (ग्रेन हे वजनाचे लहान माप, साधारण ०.०६५ ग्रॅम). ७ एमएम-०८ हे १९८० साली बाजारात आलेले छोटे काडतूस साधारण ४५ ग्रेन दारूत ती सेकंदाला ८१० मीटरच्या आसपास फेकते. १९६२चे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम साधारण ६५ ग्रेन दारू जाळून तिला ८९५ मीटरच्या आसपास नेते. दारू चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली, वेग वाढला फक्त दहा टक्के. उरलेली दारू उष्णता, आवाज आणि धक्का होऊन गेली. आणि ती उष्णता नळीच खाते. कारखान्यात जुन्या मॅग्नम नळ्यांत बोअरस्कोप, म्हणजे आत पाहायची बारीक दुर्बीण, घातला की पुंगळीच्या तोंडासमोरचा आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा) भाग मगरीच्या पाठीसारखा तडकलेला दिसायचा. .३०८ या मध्यम काडतुसाच्या नळ्या पाच हजार बारांनंतरही नेमात राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मॅग्नमच्या दीड-दोन हजारांनंतर बदलायला येत.

एवढ्यावरून वाटेल की नळीच्या आत जे काडतूस काटकसरी तेच घ्यावे. त्या हिशेबाने .३०८ विनचेस्टर जिंकते. १९५२चे हे काडतूस ४५ ग्रेन दारूत १७८ ग्रेनच्या गोळीला नळीच्या तोंडाशी साधारण ३,६०० ज्यूल देते, म्हणजे ग्रेनमागे ८०. ६.५ क्रीडमूर ४२ ग्रेन दारूत १४३ ग्रेनच्या गोळीला ३,१४० ज्यूलच्या आसपास देते, म्हणजे ग्रेनमागे ७५. .३०० मॅग्नम ७० च्या खाली येते.

पण जनावर नळीच्या तोंडाशी उभे नसते. गोळी हवेत गेली की हिशेब बदलतो. आखूड, रुंद होडीला वल्ही मारायची थांबलात तर ती लवकर थबकते, लांब निमुळती होडी पाणी कापत बराच वेळ पुढे जात राहते. गोळीचा हा गुण ज्या आकड्याने दाखवतात त्याला बीसी म्हणतात, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशियंट. आकडा मोठा तितकी गोळी हवेत वेग कमी गमावते. वरच्या .३०८च्या गोळीचा बीसी ०.५५च्या आसपास आहे, ६.५च्या गोळीचा ०.६२ च्या पुढे. म्हणून साधारण ४५५ मीटरवर दोन्हींची ऊर्जा जवळजवळ एकच होते, १,८०० ज्यूलच्या अल्याडपल्याड. सुरुवातीची जवळपास ५०० ज्यूलची आघाडी .३०८ने वाटेत हवेला देऊन टाकलेली असते. वेगाचे पाहिले तर तिथे ६.५ची गोळी सेकंदाला ६२० मीटरने चाललेली असते, .३०८ची ५६५ ने. जनावरापाशी मोजले की दारूच्या ग्रेनमागे जास्त काम ६.५ क्रीडमूरने केलेले असते.

यात जादू नाही, मापे आहेत. १९२५च्या .२७० विनचेस्टरला गोळीला दर १० इंचाला एक फेरा देणाऱ्या नळ्या आल्या. आट्यांच्या त्या पिळात फार लांब गोळी स्थिर होत नाही, लडखडते. ६.५ क्रीडमूर २००७ साली हॉर्नाडीने आणले ते निशाणेबाजीसाठी, लांब गोळी आधी डोळ्यांसमोर ठेवून. पुंगळी आखूड, म्हणजे लांब गोळी पुढे बसूनही मॅगझिनमध्ये मावते. पीळ ८ इंचाला एक. ७ एमएम पीआरसी २०२२चे, तेही याच विचाराने, मोठ्या पुंगळीत. म्हणून रायफल घेताना काडतुसाच्या नावाबरोबर नळीचा पीळ विचारा. नळीवर लिहिलेला असतो. नसेल तर सफाईच्या काठीला घट्ट चिंधी लावून आत ढकला, काठीवर खूण करा आणि ती एक फेरा फिरायला किती इंच आत गेली ते मोजा. कारखान्यात मी हे पहिल्या आठवड्यात शिकलो आणि शेवटच्या दिवसापर्यंत करत होतो.

आता मॅग्नमने प्रत्यक्ष काय मिळते ते पाहू. इथेच बहुतेकांची फसगत होते. रायफल २०० मीटरवर जुळवली आहे, म्हणजे तिथे गोळी नेमावरच बसते, असे धरा. ४०० मीटरवर ६.५ क्रीडमूरची गोळी नेमरेषेच्या साधारण ७० सेंटिमीटर खाली जाते. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची ५७च्या आसपास. म्हणजे १३ सेंटिमीटरचा फायदा. पण हा फायदा कुणासाठी? ज्याला अंतर माहीत नाही त्याच्यासाठी. तुमच्या हातात लेझरचे अंतरमापक असेल तर ७० काय आणि ५७ काय, दुर्बिणीची चकती फिरवली की दोन्ही जागेवर येतात. आणि अंतरमापक नसेल तर? ४०० मीटरवर अंदाज २५ मीटरने चुकला तरी क्रीडमूरची गोळी साधारण १५ सेंटिमीटर वर-खाली जाते. मॅग्नमची थोडी कमी जाते, पण जातेच. सपाट कुरणात, झळा मारत असताना, २५ मीटरची चूक जन्म तिथेच गेलेला माणूससुद्धा करतो.

वाऱ्याचे त्याहून महत्त्वाचे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ४०० मीटरवर .३०८ला साधारण ३४ सेंटिमीटर ढकलतो, ६.५ क्रीडमूरला २८, ७ एमएम मॅग्नमला २५. चांगल्या गोळीने ६ सेंटिमीटर वाचवले. २० ग्रेनहून जास्तीच्या दारूने आणखी ३. आणि वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त ५ किलोमीटरने चुकला तर क्रीडमूरची गोळी ९ सेंटिमीटर बाजूला जाते. तुमच्या इथे दुपारी बाभळीची पाने हलतात तेव्हा तो वारा ८ चा की १३ चा हे ओळखायला मला सहा-सात वर्षे लागली. दुकानात पैसे देऊन ती नजर मिळत नाही.

गेम्सबॉकच्या हृदय-फुप्फुसांचा भाग मोठ्या थाळीएवढा, साधारण २५ सेंटिमीटर व्यासाचा धरा. मध्यापासून साडेबारा सेंटिमीटर इकडेतिकडे एवढीच मुभा. अंतराची चूक, वाऱ्याची चूक, श्वासाची आणि चापाची चूक हे सगळे त्यात बसवायचे. शिवाय वेळ. ४०० मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, ५०० ला ०.७ सेकंद. चरणारे जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकते, आणि त्याने पाऊल टाकले की फुप्फुसावर धरलेला नेम पोटावर बसतो. त्यात ना तुमची चूक, ना काडतुसाची.

पाचशे-सहाशे मीटरबद्दल मी स्पष्ट लिहितो. पोलादी पाटीवर जरूर मारा, हजार मीटरवरही मारा, त्यासारखी शाळा नाही. जिवंत जनावरावर, पहिल्या वर्षी, २०० मीटरच्या पुढे जाऊ नका. मी स्वतः इतक्या वर्षांनंतरही ३५० ला थांबत असे, तेही वारा पडलेला असेल, जनावर उभे असेल आणि मी आडवा पडलेलो असेन आणि रायफल पिशवीवर टेकवलेली असेल तरच. पाहुण्यांसोबत केलेल्या बहुतेक शिकारी ८० ते २०० मीटरमध्ये झाल्या. चालायची तयारी असेल तर नामिबियाच्या झुडपी माळावर ४०० चे २०० करता येतात.

आता खांद्याची गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एका हंगामात एक पाहुणे आले. धडधाकट, सभ्य माणूस, नवी कोरी .३०० मॅग्नम, वर महागडी दुर्बीण. पहिल्या सकाळी पाटीवर तीन गोळ्या मारल्या, तिन्ही ठीक बसल्या, पुढे मारायला नको म्हणाले. दुपारी २८० मीटरवर गेम्सबॉकचा नर उभा. तिपाई काठीवर रायफल टेकवून बार झाला. जनावर पाठीत वाकले आणि चालू लागले. ज्याने पाहिले आहे त्याला ते वाकणे कळते. गोळी पोटात. आमच्या माग काढणाऱ्याने जागेवर जाऊन गवताची एक काडी उचलून मला दाखवली. तिच्यावर रक्त कमी आणि हिरवट ओला गाळ जास्त होता. फुप्फुसाला लागले की रक्त फिकट गुलाबी आणि फेसाळ असते, ते नव्हते. आम्ही पाऊण तास थांबलो, मग निघालो. जवळजवळ चार तास. खडकाळ जमिनीवर एखादा थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग उलटलेला दगड. सूर्य टेकला तेव्हा ते जनावर बाभळीखाली बसलेले सापडले आणि दुसऱ्या गोळीने संपले. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पाटीसमोर झोपवले. रायफल मीच भरून देत होतो. दोन खरी काडतुसे, मग त्यांना न सांगता एक रिकामे, दारू नसलेले. चाप ओढला, खट्ट आवाज झाला आणि नळीचे तोंड चांगले बोटभर खाली गेले. खांदा धक्क्याच्या आधीच पुढे धावत होता. त्यांनी स्वतः ते पाहिले आणि डोके हातात धरून बसले. मी म्हणालो, यात लाजण्यासारखे काही नाही, शरीर धक्क्याला घाबरते, मन नाही. त्या दिवशी माझी ७ एमएम-०८ त्यांच्या हातात दिली. आधी रिकामा चाप, म्हणजे काडतूस न भरता नळीवर नाणे ठेवून नुसता चाप ओढायचा, नाणे पडता कामा नये. तास-दीड तास तेवढेच. मग खरी काडतुसे, चाळीस. दोन दिवस फक्त हेच केले. तिसऱ्या दिवशी १४० मीटरवर गेम्सबॉक, खांद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, साठ-सत्तर पावलांत आडवा.

आकड्यांत सांगायचे तर साडेतीन-पावणेचार किलोच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त असतो. एका बैठकीत क्रीडमूरच्या चाळीस गोळ्या मारून तुम्ही जेवायला जाल. मॅग्नमच्या बारानंतर माणूस मोजायला लागतो, अजून किती उरल्या. वर्षाकाठी चारशे गोळ्यांचा सराव आणि साठ गोळ्यांचा सराव यात जो फरक पडतो तो कुठल्याही पुंगळीत भरता येत नाही. शिवाय मॅग्नमचे काडतूस महाग, म्हणून साठच्या चाळीस होतात. तुमच्यासाठी माझा कौल यावरच ठरला आहे.

पण गोळी लहान म्हणून जनावर पडणार नाही ही भीती तुमच्या पत्रात दिसते. ती कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण माझ्यातही होती. आमच्या आजोबांकडे पोर्तुगीज काळातली ठासणीची बंदूक होती, शेतराखणीची. रात्री कुळागरात वीस-तीस पावलांवर रानडुक्कर, चंद्राचा उजेड, एकच बार. तिथे जाड शिसे आणि मोठे भोक हेच बरोबर होते, वेग नव्हताच. लहानपणी ऐकलेले ‘मोठा बार तो खरा’ हे त्या बंदुकीपुरते खरे आहे. आजची रायफलची गोळी वेगळ्या रीतीने काम करते. ती आत शिरताना उमलते, जाडी दीड-दोन पट होते आणि फुप्फुसातून रुंद वाट काढते. उमलायला वेग लागतो. शिशाचा गाभा असलेल्या बहुतेक शिकारी गोळ्यांना सेकंदाला साधारण ५५० मीटर, निव्वळ तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना ६०० च्या आसपास. त्याखाली गोळी पेन्सिलीसारखी आरपार जाते आणि जनावर मैलोन्‌मैल चालते. म्हणजे तुमच्या काडतुसाचा खरा पल्ला ठरतो तो गोळी या वेगाखाली कुठे येते त्यावरून. वर सांगितलेली .३०८ची गोळी ५०० मीटरच्या सुमारास ५५० च्या खाली येते, ६.५ ची ६०० च्याही पुढे. दोन्ही तुमच्या कुवतीच्या पलीकडे आहेत, आणि माझ्याही.

उलट टोकही लक्षात ठेवा. मॅग्नमची मऊ गोळी ६० मीटरवर खांद्याच्या हाडावर बसली तर फुटून चिंध्या होते. एकदा अख्खा पुढचा पाय रक्ताळलेल्या जेलीसारखा झालेला पाहिला, किलोच्या किलो मांस फेकावे लागले. शेतमालकाला ते आवडत नाही आणि बरोबरच आहे त्याचे. जवळ-लांब दोन्हीसाठी एकच रायफल हवी असेल तर मध्यम वेग आणि गाभा आवरणाला जोडलेली, ज्याला बॉन्डेड म्हणतात, ती गोळी घ्या. मांस घरी खायचे असेल, मुले असतील, तर तांब्याची गोळी बघा, शिशाचे कण मांसात राहत नाहीत. मग पल्ला थोडा आखडता घ्या.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगतो. पहिले, तिथला कायदा. नामिबियात जनावरागणिक नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा ठरवून दिली आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांना १,३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉकसारख्यांना २,७००, रेडे आणि हत्तींसाठी ५,४००. ६.५ क्रीडमूर ३,१०० च्या पुढे असल्याने तुमच्या यादीत बसते. .२४३ विनचेस्टर नेहमीच्या १०० ग्रेनच्या गोळीत २,६५० च्या आतच राहते, म्हणजे थोडक्यात नापास. नियम बदलले आहेत का ते परवाना देणाऱ्यांकडून एकदा विचारून घ्या. दुसरे, जनावर. मालकाच्या कुरणात एलंड, म्हणजे हरणासारखेच पण फार मोठे जनावर, असेल आणि तेही मनात असेल तर माझे उत्तर बदलते. एलंडचा नर सात-आठशे किलोचा, त्याला मी ६.५ घेऊन जाणार नाही. तेव्हा .३०-०६ आणि १८० ग्रेनची बॉन्डेड गोळी, किंवा फार्मवरची .३७५ ही मोठ्या जनावरांची रायफल एक दिवस मागून घ्यावी. .३०-०६ हे १९०६चे जुने काडतूस आहे. कार्यक्षमतेच्या शर्यतीत त्याचे नाव कुणी घेत नाही, पण कमी-जास्त सगळे निभावते.

तिसरे, उंची. विंडहुकचे पठार साधारण १,७०० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा पंधराएक टक्के विरळ, म्हणून गोळी कमी अडते. माझे वरचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. तुमची खाण किनाऱ्याकडे आणि शिकार पठारावर असेल तर जुळवणी शिकारीच्या जागी एकदा तपासा. ३०० मीटरपर्यंत फरक नगण्य, पुढे वाढत जातो. चौथे, ऊन. काडतुसांचा डबा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. दारू तापली की दाब वाढतो, बोल्ट उचलायला जड जातो, नेम वर सरकतो. कापडी पिशवीत, सीटखाली, सावलीत ठेवा.

आणि पाचवे, सर्वांत रोखठोक: दुकानात काय मिळते. तुमच्या गावातल्या आणि फार्मजवळच्या, अशा दोन्ही दुकानांत जाऊन फळीवर काय आहे ते डोळ्यांनी बघा. .३०८ आणि .३०-०६ तिकडे जवळपास सगळीकडे मिळत. ७ एमएम-०८ माझे आवडते, पण मी काडतुसे स्वतः भरत होतो, तुम्ही भरणार नाही. नव्या पीआरसी काडतुसांचे हेच दुखणे. उत्तम आहेत, पण दोनशे किलोमीटरवरच्या एकाच दुकानात मिळणारे उत्तम काडतूस सरावाला काय कामाचे? शिवाय ७ एमएम पीआरसीही मॅग्नमच्याच पंगतीत बसते, धक्का आणि दारू दोन्हीत.

तर तुमच्या जागी मी काय घेईन ते सांगतो. कुडू आणि गेम्सबॉक, एकच रायफल, पहिलीच: ६.५ क्रीडमूर, १:८ पिळाची नळी, दुर्बिणीसह चार किलोच्या आसपास वजन, १४० ग्रेनच्या घरातली बॉन्डेड गोळी. ती गोळी तुमच्या दोन्ही दुकानांत नियमित मिळत नसेल तर बिनदिक्कत .३०८. ३०० मीटरपर्यंत फरक जनावराला कळणार नाही. एलंड हवे असेल तर .३०-०६. मॅग्नम आत्ता नको. दोन हंगामांनंतर, पाटीवर ६०० मीटरला दहापैकी नऊ बसू लागल्या आणि तरीही काही कमी पडते असे वाटले, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा त्यावर बोलू. मॅग्नम आणि क्रीडमूर यांच्यातले जे पैसे वाचतील त्यातून आधी अंतरमापक, मग तीनशे काडतुसे, एकाच पेटीतली, एकाच लॉटची.

पहिल्या महिन्यात जनावराकडे बघूही नका. रोज संध्याकाळी घरी दहा मिनिटे रिकामा चाप, नळीवर नाणे, आणि खोलीत एकही काडतूस नाही याची दोनदा खात्री. आठवड्यातून एकदा मैदानावर वीस गोळ्या, त्यातल्या पाचच टेबलावरून. बाकी बसून, गुडघ्यावर, तिपाई काठीवरून. ताटाएवढी पाटी ज्या अंतरावर पाचपैकी पाच वेळा लागते, थंड नळीतून, धापा टाकत चालून आल्यावर, ते तुमचे अंतर. ते १२० मीटर निघाले तर १२०. मालकाला तसे सांगा. चांगला मालक त्यावरून तुम्हाला जास्त मान देतो.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. चतुर्थीला घरी याल तेव्हा बॅगा रिकाम्या करून, प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. जॅकेटचे आतले खिसेसुद्धा. मैदानावर घातलेल्या जॅकेटच्या खिशात एखादे काडतूस हमखास राहते, आणि ते दाबोळी किंवा मोपा विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसले तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभे राहते, मग ते तिकडे कितीही रीतसर घेतलेले असो. रिकामी पुंगळीही आठवण म्हणून आणू नका. मैदानाची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी, पहिल्या दिवसापासून. माझ्या दोन्ही बॅगा अजून माळ्यावर आहेत, एकीवर लाल फडके बांधलेले आहे.